साइट बंद करणारा हात माझा होता

२०१३ सालची गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून मी मिरजेहून पुण्याला आलो होतो आणि एका होस्टिंग कंपनीत पहिली नोकरी लागली होती. रात्रपाळी, कानाला हेडफोन, समोर तिकिटांची रांग. माझं टेबल तक्रारींचं. कुणाच्या साइटबद्दल तक्रार आली की ती वाचायची, यादीतले मुद्दे तपासायचे आणि ठरवायचं, साइट ठेवायची की खाली घ्यायची. एका तिकिटाला फार तर दहा मिनिटं. महिन्याच्या शेवटी आमची हजेरी घेतली जायची ती किती तिकिटं बंद केली यावर. किती बरोबर बंद केली, हे कुणी विचारायचं नाही.

एका रात्री एका बिल्डरच्या वकिलाचा मेल आला. एका वस्तीतल्या रहिवाशांनी साधीशी साइट काढली होती. एका बाजूला बिल्डरच्या माहितीपत्रकातली रंगीत चित्रं, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष जागेचे फोटो. खाली रहिवाशांच्या सह्यांचे कागद, नकाशे, महापालिकेला दिलेली निवेदनं. वकिलाचं म्हणणं एवढंच होतं की माहितीपत्रकातली चित्रं आणि लोगो आमचे आहेत, परवानगीशिवाय वापरले आहेत. सर्व्हर अमेरिकेत होता, नोटीस अमेरिकन कॉपीराइट कायद्याची होती, सगळे मुद्दे भरलेले होते. मी बटण दाबलं. फक्त ती चित्रं काढायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून अख्खं खातं बंद झालं. त्याच खात्यावर एका वाचनालयाची साइट होती आणि एका बँडवाल्याची. त्याही गेल्या.

दोन दिवसांनी फोन आला. पन्नाशीच्या गृहस्थाचा आवाज, अतिशय अदबीचा. “साहेब, आमची सोमवारी सुनावणी आहे. सगळे कागद तिथंच आहेत. चित्रं काढतो, पण कागद तरी द्या.” मी तेविशीतला पोरगा, ते मला साहेब म्हणत होते. मी त्यांना समोर लिहिलेलं उत्तर वाचून दाखवलं: तुमची हरकत लेखी पाठवा, कामाचे दहा ते चौदा दिवस लागतील. ते थोडा वेळ गप्प राहिले, “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. हरकत कधी आली नाही. तीस दिवसांनी नियमाप्रमाणे त्या खात्याचा बॅकअप पुसला गेला. सोमवारी त्यांच्या सुनावणीचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहितोय ते बाहेरून बघून लिहीत नाही. आपल्यातले अनेक जण आज आंदोलनाचं निम्मं काम ऑनलाइन करतात. सह्या, पत्रकं, फोटो, हिशेब, पुरावे. मित्रांनो, ते सगळं ज्या जागेत ठेवलंय ती जागा आपली नाही. भाड्याची आहे. आणि भाड्याच्या घराचा अनुभव आपल्याला कुणी वेगळा शिकवायला नको. आडनाव ऐकल्यावर “मालकाशी बोलून कळवतो” म्हणणारा एजंट आपल्यापैकी बहुतेकांना भेटलेला आहे. मालकाला तुमच्याशी भांडण नसतं. त्याला फक्त कटकट नको असते. इंटरनेटवरचा घरमालकही असाच आहे. म्हणूनच कुणाचं तोंड बंद करायचं असेल तर त्याच्याशी वाद घालत बसावं लागत नाही. त्याच्या घरमालकाला एक नोटीस पाठवली की पुरतं.

भोपाळची आठवण आणि न्यूयॉर्कचा सर्व्हर

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण भोपाळचं आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. कारखान्याला लागून असलेल्या गरीब वस्त्यांत हजारो माणसं मेली, लाखोंच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांना कायमचं दुखणं लागलं. १९८९ मध्ये कंपनीने भारत सरकारशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. पीडितांनी डाऊकडे जबाबदारी मागितली. डाऊचं उत्तर होतं की कारखाना आम्ही कधी चालवला नाही, तडजोड आधीच झालेली आहे.

३ डिसेंबर २००२ ला, दुर्घटनेला अठरा वर्षं होत असताना, डाऊच्या नावाने एक पत्रक पत्रकारांकडे गेलं. ते डाऊचं नव्हतं. ‘द येस मेन’ नावाच्या अमेरिकेतल्या खोडकर कार्यकर्त्यांनी ते पाठवलं होतं आणि सोबत डाऊ-केमिकल डॉट कॉम या नावाची, हुबेहूब डाऊसारखी दिसणारी साइट उभी केली होती. आम्हाला भोपाळची जबाबदारी का घेता येत नाही, आमचं पहिलं देणं भागधारकांशी कसं आहे, हे कंपनीच्याच गुळगुळीत भाषेत तिथं लिहिलेलं होतं. विडंबन होतं, पण झोंबणारं.

आता साखळी नीट बघा. ती साइट न्यूयॉर्कमधल्या ‘द थिंग’ नावाच्या छोट्या संस्थेच्या सर्व्हरवर होती. वुल्फगांग स्टाले या कलावंताने १९९१ मध्ये सुरू केलेली ही संस्था कलाकारांना आणि कार्यकर्त्यांना इंटरनेटवर जागा द्यायची. ‘द थिंग’ला इंटरनेटची मोठी वाहिनी पुरवत होती व्हेरियो नावाची कंपनी. डाऊने न्यायालयाचा आदेश वगैरे आणला नाही. तिने थेट व्हेरियोला अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली तक्रार पाठवली की आमची चित्रं आणि मजकूर वापरला आहे. व्हेरियोने काय करावं? तिला ती एक साइट वेगळी काढता येत नव्हती, कारण साइट तिच्या यंत्रावर नव्हतीच. तिने ‘द थिंग’ची अख्खी जोडणीच तोडली.

कित्येक तास ‘द थिंग’चा सगळा पसारा अंधारात गेला. त्यात पी. एस. १ हे नावाजलेलं कलाकेंद्र होतं, आर्टफोरम हे मासिक होतं, ज्यांचा भोपाळशी काही संबंध नव्हता असे कितीतरी कलाकार होते. जोडणी परत आली, पण लवकरच व्हेरियोने कळवलं की करार संपवतोय, दुसरी सोय बघा. दहा वर्षांहून जुन्या संस्थेला बिऱ्हाड हलवायची वेळ आली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी रात्रपाळी आठवली. एका साइटसाठी वाचनालय आणि बँडवाला बंद करणारा मी आणि एका साइटसाठी कलाकेंद्र बंद करणारी व्हेरियो, फरक फक्त आकाराचा होता. तक्रार कॉपीराइटची, दुखणं वेगळंच. बिल्डरला त्याच्या चित्रांची काळजी नव्हती. चित्राशेजारी जो खरा फोटो लावला होता, तो त्याला खुपत होता.

गोष्ट तिथं संपली नाही. त्याच मंडळींनी डाऊएथिक्स डॉट कॉम या नावाने दुसरी साइट काढली. २००४ मध्ये विसाव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर बीबीसीने डाऊचा प्रवक्ता शोधताना याच साइटवरून संपर्क साधला. ३ डिसेंबर २००४ ला येस मेनपैकी एक जण बीबीसी वर्ल्डवर डाऊचा प्रवक्ता म्हणून बसला आणि कंपनी जबाबदारी घेतेय, १२०० कोटी डॉलर देतेय असं जगाला सांगून मोकळा झाला. डाऊचे शेअर घसरले, दोनेक तासांत खुलासा झाला. म्हणजे तोडलेली साइट दोन वर्षांत जास्त मोठ्या पडद्यावर परत आली.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. हा किस्सा ऐकून टाळ्या पडतात, पण मला त्यात पूर्ण आनंद होत नाही. ते दोन तास भोपाळच्या माणसांनाही खरे वाटले होते. वीस वर्षं वाट बघणाऱ्या बाईला “मिळाले” असं ऐकू यावं आणि मग “चेष्टा होती” असं कळावं, ही किंमत न्यूयॉर्कच्या नाही, भोपाळच्या माणसाने मोजली. दुसऱ्याचं नाव घेऊन बोलण्याचा आणखी एक तोटा आहे. तक्रार करणाऱ्याला आयतं कारण मिळतं. पण एवढं मान्य करूनही, अख्ख्या संस्थेची जोडणी तोडणं हे त्या चुकीचं उत्तर होत नाही.

पुरवठादार एवढ्या लवकर का झुकतो?

वाईट माणसं असतात म्हणून नव्हे. मी त्या खुर्चीत बसलोय. हिशेब साधा आहे. छोट्या संस्थेची साइट महिन्याला दोनशे-तीनशे रुपये देते. नोटीस वाचायला एक वकील लावला तर तिची काही वर्षांची कमाई तासाभरात जाते. साइट बंद केली तर एक गिऱ्हाईक जातं. बंद नाही केली आणि प्रकरण अंगाशी आलं तर कंपनी जाते. कायद्यानेही पारडं तसंच ठेवलंय. अमेरिकेत नोटीस मिळाल्यावर लगेच मजकूर काढला तर पुरवठादार सुरक्षित राहतो. मी फोनवर वाचून दाखवलेले दहा ते चौदा दिवस त्याच कायद्यातले. खाली घ्यायला दहा मिनिटं, परत लावायला दोन आठवडे. सोमवारची सुनावणी असणाऱ्या माणसाला त्या परत लावण्याचा काय उपयोग?

आपल्याकडे कागदावर परिस्थिती जरा बरी आहे. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. कलम ७९ खाली मजकूर काढायची जबाबदारी पुरवठादारावर कधी येते? कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या तक्रारीवर नाही, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर. कॉपीराइटच्या तक्रारीतही आपल्या कायद्यात एक मर्यादा आहे. तक्रार आली की पुरवठादाराने ३६ तासांत मजकूर थांबवायचा, पण २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत लावता येतो.

पण कायद्यातली ढाल ज्याला माहीत आहे आणि ज्याला ती उचलायची आहे, त्याच्याच कामाची. आणि सरकारच जेव्हा साइट बंद करायला सांगतं, तेव्हा कलम ६९ अ खालच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेची तरतूद आहे. मजकूर लिहिणाऱ्याला बोलावून ऐकून घेण्याचीही तरतूद त्याच नियमांत आहे. प्रत्यक्षात पहिली तरतूद काटेकोर पाळली जाते आणि दुसरी विसरली जाते.

२०२०: ईमेल पाठवले म्हणून

आता आपल्या देशातलं, आपल्या आठवणीतलं प्रकरण. एप्रिल २०२० मध्ये, कडक लॉकडाऊनमध्ये, केंद्र सरकारने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध केला. कारखाना, खाण, धरण, महामार्ग उभारण्याआधी पर्यावरणाचं काय होईल ते तपासायचं, स्थानिकांची जनसुनावणी घ्यायची, याचे हे नियम. मसुद्यात काही प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट होती आणि आधी काम सुरू करून नंतर परवानगी घेण्याची वाट ठेवली होती. भोपाळ डोळ्यासमोर असेल तर हे नियम किती महत्त्वाचे आहेत ते वेगळं सांगायला नको. हरकती नोंदवायला मुदत होती आणि त्या ईमेलने पाठवायच्या होत्या. मसुदा मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत भाषांतरित करायला सांगितलं आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. २२ भाषांत मराठीही येते. म्हणजे रत्नागिरीच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाला आपल्या गावाबद्दलचा कायदा आपल्या भाषेत वाचता यावा, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

याच काळात ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया’, ‘लेट इंडिया ब्रीद’ आणि ‘देअर इज नो अर्थ बी’ या तरुणांच्या गटांनी आपापल्या साइटवर मसुदा समजावून सांगितला आणि हरकतीचा ईमेल पाठवण्याची सोय केली. लोकांनी लाखोंनी ईमेल पाठवले. मग या साइट उघडेनाशा झाल्या.

का, ते नंतर कळलं. फ्रायडेज फॉर फ्यूचरच्या डोमेनबाबत दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने नोटीस पाठवली होती. पुण्याचे प्रकाश जावडेकर तेव्हा पर्यावरण मंत्री होते. मंत्र्यांच्या पत्त्यावर ‘ईआयए २०२०’ अशा विषयाचे अनेक ईमेल येताहेत, ही त्यामागची तक्रार. आणि नोटिशीत कलम कोणतं? यूएपीए, कलम १८. दहशतवादी कृत्याचा कट. शिक्षा किमान पाच वर्षं ते जन्मठेप. सरकारने मागितलेल्या हरकती सरकारला पाठवल्या, त्याबद्दल. बातमी फुटल्यावर पोलिसांनी सांगितलं की ते कलम चुकून लागलं होतं, नोटीस मागे घेतली. साइट परत यायला जुलैचा शेवट उजाडला.

चुकून लागलं, असं धरून चालू. पण चुकीच्या कलमाची नोटीस पुरवठादाराने पाळली, हा माझा मुद्दा आहे. मधल्या कुणीही विचारलं नाही की ईमेल पाठवण्यात दहशतवाद कुठे आला. यूएपीए ही चार अक्षरं वाचल्यावर विचारायची हिंमत कुणाला होणार? ज्या आपल्या वाचकांच्या ओळखीत एखादा मुलगा याच कायद्याखाली वर्षानुवर्षं तुरुंगात राहून निर्दोष सुटलाय, त्यांना ती भीती मला समजावून सांगायची गरज नाही.

मुदत ठरलेली असते तेव्हा थोडे दिवस साइट बंद राहणंही पुरेसं असतं. हरकतींची मुदत, सुनावणीचा सोमवार, निवडणुकीचा आठवडा. नंतर साइट परत येते, नोटीस मागे घेतली जाते, दिलगिरीही व्यक्त होते. गेलेले दिवस परत येत नाहीत.

गर्दी आणि हल्ला यांतला फरक

“पण एकाच वेळी हजारो ईमेल पाठवणं हा हल्लाच नाही का?” असं माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने मला तेव्हा विचारलं होतं. प्रश्न खोटा नाही. म्हणून नीट उत्तर देतो.

एका माणसाने स्क्रिप्ट चालवून एका सर्व्हरवर लाख वेळा धडक मारली तर तो हल्ला. लाख माणसांनी आपापल्या नावाने एकेक ईमेल पाठवला तर ती गर्दी, म्हणजेच मोर्चा. दोन्हींत सर्व्हर हळू होईल, पण पहिल्यात माणूस एक आहे, दुसऱ्यात लाख. मोर्चामुळे रस्ता भरतो म्हणून मोर्चाला दंगल म्हणत नाहीत.

आणि पहिल्या प्रकाराच्या मी विरोधात आहे, समोरचा कितीही अन्यायी असला तरी. याचं कारण १९९७ च्या एका प्रकरणात आहे. स्पेनमधल्या ईटीए या संघटनेने मिगेल आंखेल ब्लांको या तरुण नगरसेवकाचं अपहरण करून खून केला. लाखो लोक संतापून रस्त्यावर आले, ते योग्यच होतं. पण काहींनी राग वेगळीकडे काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आयजीसी या ना-नफा संस्थेच्या सर्व्हरवर बास्क स्वातंत्र्याच्या बाजूचं एक नियतकालिक होतं. त्या सर्व्हरवर खोट्या ईमेलचा एवढा मारा झाला की शांतता, पर्यावरण, मानवी हक्क यांवर काम करणाऱ्या आयजीसीच्या सगळ्या सदस्यांचं काम अडलं. शेवटी आयजीसीने ते नियतकालिक काढून टाकलं. त्या नियतकालिकाची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. पण ज्याच्याकडे जास्त यंत्रं तो जिंकला, हा नियम एकदा मान्य केला की पुढच्या वेळी बळी आपण असणार. आपल्या साइट दोनशे रुपयांच्या सर्व्हरवर असतात. ट्रोलांच्या फौजा आपल्याकडे नाहीत, दुसऱ्यांकडे आहेत.

याची दुसरी बाजूही आहे. साइट खाली घ्यायची ताकद पुरवठादाराकडे नसावी, असं मी म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ हे प्रकार झाले. मुस्लिम मुलींचे, पत्रकार-कार्यकर्त्या बायकांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. तेव्हा आपण सगळ्यांनी गिटहबला सांगितलं, ताबडतोब खाली घ्या. गिटहबने घेतलं आणि ते बरोबरच होतं. मग आज मी कोणत्या तोंडाने म्हणू की कधीच काही बंद करू नका?

म्हणून मागणी ‘बंद करू नका’ अशी नाही. मागणी आहे की बंद करताना सांगा. तक्रार कुणाची? कलम कोणतं? नेमकं कोणतं पान? किती दिवसांसाठी? दाद कुठे मागायची? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली पाहिजेत आणि चूक जेवढ्या पानाची, कारवाई तेवढ्याच पानापुरती झाली पाहिजे. लिलावाचं पान काढणाऱ्याला या पाचही प्रश्नांची उत्तरं दहा मिनिटांत देता आली असती. हरकतींच्या ईमेलवर दहशतवादाचं कलम लावणाऱ्याला एकाचंही देता आलं नसतं. न्याय आणि दडपशाही यांतला फरक या पाच प्रश्नांत बऱ्यापैकी कळतो.

आपल्या हातात काय आहे

कायदा बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत, एक इंजिनिअर म्हणून, काही घरगुती गोष्टी सांगतो. या अवघड नाहीत, फक्त आधी करायच्या असतात.

डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. “आमच्या अस्लमने घेतलं होतं, तो आता दुबईला आहे” हे मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. पासवर्ड दोन विश्वासू माणसांकडे हवा आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये.

डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवा. डिसेंबर २०१० च्या पहिल्या आठवड्यात विकीलीक्सची सर्व्हरची जागा, नावाची नोंद आणि देणग्यांचा मार्ग हे तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांनी पाठोपाठ तोडले, तेही न्यायालयाच्या आदेशाशिवाय. वेगवेगळ्या ठिकाणी होतं म्हणून ती साइट दुसऱ्या नावांनी आणि शेकडो प्रतींनी उभी राहू शकली. सगळं एकाच घरमालकाकडे असेल तर एका फोनमध्ये सगळं संपतं.

दर आठवड्याला पूर्ण बॅकअप घ्या आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका. पेन ड्राइव्ह चालेल. साइट जितकी साधी, तितकी ती तासाभरात दुसरीकडे उभी राहते. महत्त्वाचे कागद छापून एका फायलीत ठेवा. न्यायालयात शेवटी फाइलच चालते.

लोकांशी संपर्क फक्त एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामच्या पानावर ठेवू नका. तेही भाड्याचंच घर आहे. सभासदांची यादी आपल्याकडे हवी, त्यांच्या परवानगीने आणि नीट जपून. नवा पत्ता कळवायला तीच उपयोगी पडते.

आयतं कारण देऊ नका. दुसऱ्याचा लोगो, चित्र, गाणं उचलू नका. टीकेसाठी वापरावंच लागलं तर हवं तेवढंच, मूळ कुणाचं ते सांगून. न तपासलेला आकडा टाकू नका. आणि स्वतःच्या नावाने बोला. खरं बोलणाऱ्याला मुखवट्याची गरज कमी पडते आणि उत्तर देताना पायाखाली जमीन राहते. सावधगिरीने सगळं टळत नाही, २०२० च्या मुलांनी तर काहीच उचललं नव्हतं. पण भांडण खऱ्या मुद्द्यावर होतं.

साइट बंद झालीच तर फोनवर विनवण्या करू नका. त्याच दिवशी लेखी विचारा, वरचे पाचही प्रश्न. उत्तर जपून ठेवा, वकिलाला दाखवा. २०२० मध्ये तरुणांच्या बाजूने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनचे वकील उभे राहिले होते. अशा संस्था आहेत, त्यांना कळवा. आणि गप्प बसू नका. पोलिसांनी खुलासा केला तो गवगवा झाल्यावरच.

शेवटचं आपल्यातल्याच एका मोठ्या वर्गासाठी. आपल्या घराघरांतली मुलं आज पुणे, हिंजवडी, बंगळुरू, हैदराबादच्या कंपन्यांत बसलेली आहेत. त्यांतली काही नेमकी त्याच खुर्चीत असतील जिथं मी होतो. तुम्हाला नोकरी सोडा असं मी सांगत नाही, मीही सोडली नव्हती. पण बटण दाबण्याआधी तिकीट पूर्ण वाचा. फक्त एक पान काढता येईल का, ते वरिष्ठांना विचारा. मालकाला आपला डेटा उतरवून घ्यायला दोन दिवस द्या. हे तिन्ही करायला कुणाची परवानगी फारशी लागत नाही. मी यातलं एकही केलं नव्हतं.

त्या गृहस्थांचं नाव माझ्या लक्षात नाही. वस्तीचं नाव आहे, पण ते इथं लिहीत नाही. त्यांनी माझ्याकडे साइट मागितली नव्हती. फक्त कागद मागितले होते आणि ते देणं माझ्या हातात होतं. पाच मिनिटांचं काम होतं.